सीट बोटभर खाली

हाडाच्या दवाखान्यात तपासणीला गेले की बाकावरच्या बाया विचारतात. पाठीचा पट्टा कधी सुटला, गोळ्यांनी काय होतं, परत वाकता येतं का. तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं. मग तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ताई, एकदा लिहूनच द्या, मी ज्याला त्याला वाचायला देईन. म्हणून लिहायला बसले. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. माझ्यापुरतं विचाराल तर मी बरी झाले, हे आधीच सांगते, म्हणजे घाबरू नका. तरी हे लिहिताना जीवाला गोड वाटत नाही, आणि ते का, तेही सांगणार आहे.

सायकलीचं कसं सुरू झालं

पिंपरी पेंढारला स्टँडजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमचे हे, विलासराव, शेती बघतात, कांदा आणि थोडा ऊस. मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात आम्ही दोघंच, आणि भिंतीला भिंत लावून दीर-जाऊ.

ह्यांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आता गावात चालायला निघायचं म्हणजे पावलापावलाला कोणीतरी थांबवणार, कांद्याचा भाव विचारणार, चहाला बसवणार. चालून चालून ह्यांची साखर वाढली. मग मिलिंदभाऊंनी डोकं लढवलं. मिलिंदभाऊ म्हणजे वीज मंडळातले वायरमन, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. ते पुण्याहून दोन जुन्या सायकली घेऊन आले, बारीक टायरच्या, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. सायकलवरच्या माणसाला कोणी चहाला थांबवत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंच निघालं. साखर उतरली, गोळ्या कमी झाल्या, माणूस हसायला लागला.

रविवारी सकाळी दोघं गडी नटून निघायचे आणि मी भाकरी थापत बसायची. हे माझ्याच्यानं किती दिवस होणार? तिसरी सायकल आली. पॅन्ट मी माझी मीच शिवली, आतल्या गादीसकट. गावात बोलायचं ते बोलून झालं. बोलणाऱ्या बाया माझीच गिऱ्हाइकं, माप द्यायला आल्यावर गप्प बसायच्या.

हायवेला आम्ही कधी गेलो नाही. आळेफाट्याकडनं येणारे ट्रक बघूनच धडकी भरते. मिलिंदभाऊंच्या पिकअपमध्ये सायकली टाकायच्या आणि जुन्नरच्या पुढं आपटाळ्याच्या अंगाला उतरायचं, नाहीतर घोडेगावावरून डिंभ्याला. डिंभ्याच्या पुढचा आहुप्याचा रस्ता आमचा सगळ्यात लाडका. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मध्ये भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. सकाळची एस्टी गेली की संध्याकाळपर्यंत रस्ता आपला. चेनचा आवाज तेवढा ऐकू येतो. चढाला हे पुढं जायचे, वर थांबायचे, आणि मी पोचेपर्यंत माझ्या वाटणीचे शेंगदाणे खाऊन टाकायचे.

आमचं एक ठरलं होतं. दोघांनी एकदा थेट आहुप्यापर्यंत जायचं, कोणाच्या तरी घरी मुक्काम करायचा, सकाळी कड्यावरून खालचं कोकण बघायचं आणि मग परतायचं. दर वेळी आम्ही निम्म्यातून माघारी फिरलो. कधी पाहुणे येणार होते, कधी कांद्याला पाण्याची पाळी होती. हे म्हणायचे, जाऊ की, रस्ता कुठं पळून चाललाय.

मापाची खोड

पाठ दुखायला लागली ती दोन्ही खांद्यांच्या जरा खाली, मधोमध. मला वाटलं सायकलचं माप चुकलंय. माझा धंदाच तो. बाई म्हणाली काखेत टोचतंय, की मी एक टाका उसवते. म्हणाली गळा उतरतोय, की चिमूट धरते. दुखतं ते मापामुळं, आणि माप दुरुस्त करता येतं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं.

सायकलवाल्यांचंही तसंच असतं. गुडघा दुखला, सीट वर. मान दुखली, हँडल वर. आम्ही सीट बोटभर खाली घेतली. एक-दोन रविवार बरं वाटलं, की वाटल्यासारखं वाटलं, देव जाणे. मग सीट पुढं सरकवली. मग हँडल बदललं. हे खिशात पाना घेऊनच निघायचे. चढावर मी कण्हले की उतरायचे, बोल्ट सैल करायचे, जरासं हलवायचे, पुन्हा आवळायचे आणि म्हणायचे, आता बस बरं. इतक्या मायेनं करायचे की दुखत असलं तरी मी म्हणायची, आता लई बरंय.

संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते उन्हातून आल्यामुळं. झोपेत घाम यायचा, तो वयामुळं. वजन उतरलं, त्याचा तर मला आनंदच. दुकानात बाया म्हणायच्या, शैलाताई, सायकल मानवली तुम्हाला. मी माझे स्वतःचे ब्लाउज दोनदा आत घेतले. जिच्या हातात दिवसभर टेप, तिनं स्वतःच्या अंगावरचं मांस कुठं चाललंय ते विचारलं नाही. आज त्या ब्लाउजांच्या आतल्या शिलाई बघते तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एका रविवारी आपटाळ्याच्या रस्त्याला मी थांबायला गेले आणि पाय खाली टेकलाच नाही. टेकवायचा हुकूम दिला, पाय गेला नाही. उभीच्या उभी आडवी झाले. लागलं काही नाही, पण उठायला गेले तर दोन्ही पाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. मिलिंदभाऊ लगेच म्हणाले, "विलासराव, पाना ठिवा खिशात. हे सायकलचं काम न्हाई."

पुण्याचा दिवस

पुण्याच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि फिल्म उजेडाला धरली. मणक्यांची ओळ दिसत होती, मध्येच दोन मणी कुरतडलेले. ते म्हणाले, टीबी आहे. मी म्हटलं, मला तर खोकलासुद्धा नाही. ते म्हणाले, टीबी हाडालाही होतो, आणि बरा होतो. यातलं 'बरा होतो' मला ऐकूच आलं नाही. घरी परतल्यावर ह्यांनी सांगितलं की डॉक्टर तसं म्हणाले होते. तुम्ही जाल तेव्हा सोबत कोणीतरी न्या, दोन कान जास्तीचे लागतात.

किती दिवस दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सगळं सांगितलं. सीट कधी खाली घेतली, कधी पुढं सरकवली, हँडल कधी बदललं. माणूस सरळ गुन्हा कबूल करायला बसला होता. डॉक्टर वयानं आमच्या जावयाएवढे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले की सायकलनं काही बिघडवलेलं नाही, फक्त यायला उशीर झाला. ते चांगल्या मनानं बोलले. पण 'उशीर' हा शब्द ह्यांच्या काळजात रुतला, तो आजपर्यंत निघालेला नाही.

मणक्याशी साठलेला पू सुईनं काढायला मला ठेवून घेतलं. वॉर्डात पहाटे फिनेलचा वास, मग चहा, मग ताप मोजायला सिस्टर, मग डॉक्टरांची वाट बघणं. दिवसाचं मोठं काम म्हणजे वाट बघणंच. कुशीवर वळायचं तर दोन माणसं लागायची. मी दुसऱ्याचं अंग मापणारी बाई, आणि आता माझं अंग कोणीही उघडं करायचं. तिथली एक मावशी मात्र रोज दुपारी तिच्या सुटीत येऊन माझे केस विंचरायची. गुंता झाला तर डोकं दुखंल बाई, म्हणायची. तिच्या हाताखाली मी पहिल्यांदा रडले.

नवस

मला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सायकल घेऊन एकटेच लेण्याद्रीला गेले. दुपारी आले. कांदा साठवायच्या चाळीत वरच्या वाशाला दोर बांधून सायकल टांगली, आणि माझ्या पलंगाशी येऊन बसले.

"गिरिजात्मजाला शब्द दिलाय," म्हणाले. "तू सायकलवर बसंपर्यंत मी बसणार नाय."

आमच्याकडं हे नवीन नाही. कोणाचं आजारपण असलं की कोणी भात सोडतं, कोणी चप्पल सोडतं, कोणी दाढी ठेवतं. आवडती वस्तू देवाकडं गहाण टाकायची आणि माणूस सोडवून आणायचं. ह्यांच्याकडं सोडण्यासारखं होतं काय? गोड तर आधीच सुटलेलं. तंबाखूला कधी शिवले नाहीत. राहिली होती सायकल.

मी खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. इतकी वर्षं संसार झाल्यावर कोणी आपल्यासाठी असं काही करावं, कोणत्या बाईला नको वाटेल? तोंडानं म्हटलं, तुमच्या साखरेचं काय? म्हणाले, चालीन की.

मिलिंदभाऊ मात्र तापले. ते बौद्ध, त्यांच्या घरात नवसबिवस चालत नाही. दर रविवारी पिकअप दारात उभी करायचे आणि ह्यांच्याशी भांडायचे. एकदा म्हणाले, "देवाला तुमची सायकल घेऊन काय करायचंय, राव? तो बसलाय डोंगराच्या पोटात. चालवायला तरी जागा हाय का तिथं?" मला हसू आलं, पट्ट्याच्या आत दुखलं. हे हसले नाहीत. शब्द दिलाय म्हणाले, आणि विषय मिटवला. मिलिंदभाऊ मग एकटे जायचे.

फळीवरचे दिवस

पलंगावर फळी, अंगाला काखेपासून कमरेपर्यंत ताठ पट्टा. पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा मला वाटलं संपलं. ती गोळ्यांमुळं होते, घाबरू नका. तोंडाची चव गेली, उलट्या झाल्या, एकदा रागानं मी गोळ्या खिडकीतून फेकल्या. ह्यांनी अंगणातून एक एक वेचून आणली, ओंजळ पुढं धरली. गोळ्या सोडू नका. बरं वाटायला लागल्यावर तर अजिबात सोडू नका.

जावेनं माझी ताट-वाटी वेगळी केली. हाडाचा टीबी तसा लागत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं, तरी केलं. एक दिवस मी तिला झोपल्या झोपल्या इतकं बोलले की दीर बाहेरून धावत आले. त्यानंतर ती आठवडाभर आली नाही. मग आली ती तांदळाची पेज घेऊन, तिच्या स्वतःच्या घरातल्या वाटीत. पेज चांगली झाली होती.

हे पहाटे उठायचे, माझं सगळं करायचे, शेतात जायचे, दुपारी येऊन मला भरवायचे. चालीन म्हणाले होते, पण चालायला वेळ कुठला? आणि माझं उरलेलं सगळं हेच खायचे, टाकवत नाही म्हणून. माझ्या फायली उराशी धरून किती वेळा पुण्याला गेले असतील. स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, माझं काय, मी धडधाकट. बाकावर बसून हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्या सोबत जो माणूस आलाय ना, पिशवी धरून भिंतीला टेकलेला, त्यालाही तपासून घ्या.

पुढच्या रविवारी

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी पट्टा काढला. पायात जोर आला होता. सायकल चालेल, पण हँडल उंच घ्या, वाकू नका, खड्डे टाळा, म्हणाले. घरी येताना हे गाडीत गुणगुणत होते.

त्यांनी माझ्या सायकलला सरळ उंच हँडल बसवलं. दर रविवारी सकाळी ती पुसून अंगणात उभी करायचे आणि गोठ्याकडं निघून जायचे. बस, असं एकदाही म्हणाले नाहीत.

आणि मी बसले नाही. भीती वाटायची, खरंच वाटायची. आपटाळ्याचा तो न टेकलेला पाय झोपेत दिसायचा. मणका परत मोडला तर? मी म्हणायची, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी लग्नसराईचे ब्लाउज असायचे. त्याच्या पुढच्याला गार वारा. हे संध्याकाळी सायकल मुकाट आत घ्यायचे. मी बसत नव्हते तोवर तेही बसणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण त्यात काही जातंय असं वाटलं नाही. दोघांचं सावकाश होईल, घाई काय?

चहा ओतताना त्यांच्या हातून कपाबाहेर सांडायचा, त्यावरून मी चिडायची. अंधार पडल्यावर मोटरसायकल काढायचे बंद झाले, मला वाटलं दमतात. डोळ्यांसमोर होतं सगळं.

चाळीतून खाली

होळी झाल्यावर एका सकाळी, का कोण जाणे, माझी मीच सायकलवर बसले. अंगणातून निघाले, कालव्यापर्यंत गेले आणि परत आले. पाय टेकवला, तो टेकला. हे गोठ्याच्या दारात उभे होते, हातात वैरणीची पाटी. पाटी तशीच खाली सोडली आणि चाळीकडं गेले. दोर सोडून सायकल खाली घेतली, हवा भरली, हातानंच धूळ पुसली. मिलिंदभाऊंना फोन लावून म्हणाले, रविवारी पिकअप आणा.

मग ऐटीत टांग मारली आणि फाटकाकडं निघाले. उजव्या हाताला कांद्याचा ढीग होता, माणसाच्या कमरेएवढा. दिवसाढवळ्या, काही आडवं नसताना, हे सरळ त्या ढिगात घुसले.

मी हसले. खरंच मोठ्यानं हसले, वाटलं सवय गेली. ते कांद्यात बसून राहिले, उठेचनात. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "शैले, या डोळ्यानं मला काय बी दिसत नाय."

कधीपासून, विचारलं. म्हणाले, संक्रांतीपासून. आधी जाळी आली, मग काळं. तू सायकलवर बसायला भीत व्हतीस, त्यात आणखी हे कुठं सांगू?

डोळ्याच्या डॉक्टरांनी साखर बघितली आणि आमच्या तोंडाकडं बघितलं. लेझर केलं, इंजेक्शनं दिली. उजवा गेला तो गेलाच. डाव्यानं माणूस ओळखतात, ताटातलं दिसतं, लांबचं धुकट. रस्त्यावर कुठलंही वाहन चालवायचं नाही, असं सांगितलं. मी विचारलं, सायकल सोडली म्हणून झालं का हे? ते म्हणाले, नुसतं तसं म्हणता येणार नाही, पण तपासणी वेळेवर व्हायला हवी होती. पुन्हा तेच, वेळ. मी दिवाळीलाच बसले असते तर चहाच्या कपाआधी, जाळीआधी, हेही बसले असते आणि साखर उतरली असती. असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीच रोज म्हणते.

लेण्याद्री

नवस फेडायला गेलो. मिलिंदभाऊंनी आम्हाला पायथ्याशी सोडलं आणि ते खाली थांबले. पायऱ्या चढताना ह्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझी पाठ ताठ. वर गाभाऱ्यासमोर ह्यांनी नारळ वाढवला, डोकं टेकवलं.

मग मी हात जोडले. माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. ह्यांचा डावा डोळा राहू दे, मी सायकलला आयुष्यात शिवणार नाही. ओठ हलले असतील माझे. ह्यांना ते धुकट डोळ्यानं कसं दिसलं, देव जाणे. त्यांनी माझे जोडलेले हात दोन्ही हातांनी धरले आणि खाली ओढले.

"एक शब्द बोलायचा नाय," म्हणाले. "एका घरात एवढा नवस बास झाला."

गर्दी होती, मागचे पुढं सरका म्हणत होते. आम्ही तसेच उभे राहिलो.

पुढच्याच रविवारी मला घालवलं, अक्षरशः ढकललं. मिलिंदभाऊ आणि मी डिंभ्याला उतरलो, हे धरणापाशी टपरीवर बसून राहिले. थेट आहुप्यापर्यंत जायचं, असं बजावलं होतं. आम्ही गेलो. पाणी तेच, हिरडे तेच, रस्ता रिकामा. चढाच्या वर गेले की मी थांबायची, मिलिंदभाऊ मागून येत असायचे आणि पुढं कोणीच नसायचं. आहुप्याला कड्यावर गेले, खाली कोकण दिसलं. सगळं इतकं चांगलं होतं की मला राग आला. मुक्काम केला नाही.

संध्याकाळी टपरीवर परतलो. हे ताडकन उठले. कसा हाय रस्ता, विचारलं.

मी म्हटलं, "लई खराब झालाय हो. खड्डेच खड्डे. कड्यावर तर धुकं व्हतं, काय बी दिसलं नाय. तुमचं काय बी हुकलं नाय बघा."

मिलिंदभाऊंनी माझ्याकडं बघितलं आणि ते सायकली चढवायला निघून गेले. ह्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"शैले, फुडच्या रविवारी परत जा," म्हणाले. "आन ह्या खेपेला नीट बघून ये. मला सांगायला तूच हाय."